बटण दाबेपर्यंत खेळी अपुरी

मी एक जुने दुतोंडी घड्याळ आहे. मित्रांनो, दचकू नका. माझ्या लाकडी पेटीत दोन तबकड्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत आणि एका वेळी त्यांतली एकच चालते. बुद्धिबळाच्या पटाशेजारी माझी जागा. मोहरे हलवल्यावर खेळाडूने माझ्या डोक्यावरचे आपले बटण दाबायचे. मग त्याचा वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. ज्याचा वेळ संपेल त्याच्या तबकडीवरचे लाल निशाण पडते आणि तो हरतो.

बुद्धिबळ माझ्यापेक्षा शतकांनी थोरले. फार पूर्वी वजीर एकच घर तिरका सरकायचा. आजची त्याची धाव नंतरची. तेव्हा घड्याळ नव्हते. समोरचा कंटाळून चुकेल या आशेवर काहीजण एकेका खेळीवर तासन् तास बसून राहत. मग वाळूची घड्याळे आली, आणि पुढे आम्ही.

एका कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी चाके बसवली. बावीस वर्षे मी एका क्लबात राबलो. "हे कुणाची बाजू घेत नाही," असे पंच म्हणायचे, तेव्हा मला बरे वाटायचे. पुढे आकडे दाखवणारी घड्याळे आली. मी कपाटात गेलो आणि माझे तेल सुकले.

क्लबातल्या घड्याळजींनी मला घरी नेऊन साफ केले. त्यांची भाची बॅडमिंटन खेळायची. स्मॅश असा मारायची, की मामा तिला तोफ म्हणत. पण पहिला गेम जिंकून तिसऱ्यात ती दमून हरायची. शाळेच्या संघातून तिचे नाव गळायच्या बेतात होते. रविवारची निवड चाचणी ही शेवटची संधी.

"रॅकेट ठेव जरा," मामा सोमवारी म्हणाले. "एक डाव टाकू."

तोफेने डाव छान रंगवला. शेवटी तिने मामांचा वजीर मारला आणि हसत त्यांच्याकडे बघत राहिली. बटण दाबायचे राहूनच गेले. मामा हनुवटीवर हात ठेवून पट न्याहाळत बसले. वेळ तिचाच जात होता. मला वाईट वाटत होते, पण मोजणे हेच माझे काम. चार मिनिटांनी तिचे निशाण पडले.

"हरलीस."

"वजीर मारला की तुझा."

"मारलास. मग माझं तोंड बघत बसलीस."

"सांगायचंस ना. मामा आहेस की कोण?"

"पटासमोर प्रतिस्पर्धी. मामा जेवताना."

ती फुरंगटून बूट घालू लागली. एका बुटाची नाडी बांधून झाली आणि ती थांबली.

"मामा, कोर्टवरपण मी हेच करते. स्मॅश मारते आणि बघत राहते. शटल परत आलं की मग पळापळ."

मामांनी एक घोडा पटाच्या कोपऱ्यात ठेवला. "इथून किती घरांवर जाता येतं?"

"दोन."

त्यांनी तो मधोमध ठेवला. "आणि इथून?"

तिने मोजले. "आठ." मग हळूच म्हणाली, "म्हणजे मधे परतल्याशिवाय माझा फटका पुरा झालाच नाही."

त्या संध्याकाळपासून मी अंगणाच्या मध्यावर एका स्टुलावर. तिने कोपऱ्यात धावायचे, हवेत रॅकेट फिरवायची, परत येऊन माझे बटण दाबायचे. माझ्या डोक्यावर इतके घामेजलेले तळवे कधीच पडले नव्हते. पहिल्या दिवशी ती निम्म्या वेळा विसरली. शनिवारी एकदाच, तेही मामांनी हसवले म्हणून.

रविवारी मी कोर्टाशेजारी मामांच्या पिशवीत होतो. दिसत काहीच नव्हते. ऐकू येत होते: फटका, आणि लगेच परतणारी हलकी पावले. तिसऱ्या गेमला गुण एकोणीस-एकोणीस झाले. समोरच्या मुलीची पावले आता फरफटत होती. तोफेची तशीच हलकी. फटका, पावले. पुन्हा फटका, पावले. मग टाळ्या.

"हिचं नाव यादीत राहू दे," क्रीडाशिक्षिका म्हणाल्या. "आणि हिला पाणी द्या कुणीतरी."

मित्रांनो, कपाटात माझ्यासारखे कुणी पडले असेल तर त्याला बाहेर काढा, थेंबभर तेल द्या, किल्ली सावकाश फिरवा. आम्ही अजून चालतो. आणि चांगली खेळी साधली की खूश जरूर व्हा. फक्त आधी आपल्या जागी परत या.