अंधारातला घेवडा

"सर, हे माझं रोप नाही."

शाळा सुटून अर्धा तास झाला होता, विज्ञान मंडळाची पंचवीस पोरं तेवढी थांबली होती. मागच्या भिंतीशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि नेमकं त्यांच्यासमोरच सगळं मोजत सुटते म्हणून 'फूटपट्टी' नाव पडलेल्या तिसरीतल्या पोरीनं हे सुनावलं.

त्यांना सर म्हणायची ती ही पोरंच. चौतीस वर्षं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नळ्या धुवायच्या, सामान मांडायचं, प्राध्यापक आले की बाजूला व्हायचं. "अहो, जरा इकडे बघा," एवढीच तिथली हाक. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी ते इथं फुकट यायला लागले आणि एकसष्टाव्या वर्षी अचानक सर झाले. पहिल्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला ते तीनदा सांगितलं. "कळलं हो, सर!" ती म्हणाली होती.

पण कुणा पालकाच्या पोटात दुखलं. बाटल्या धुणारा माणूस आमच्या मुलांना काय विज्ञान शिकवणार? मोठ्या बाई म्हणाल्या, "बुधवारी मी स्वतः येऊन बघते. मंडळ ठेवायचं की नाही, मग ठरवू."

आणि मंगळवारी सर तयारी बघायला शाळेत आले, तर घेवड्यानं दगा दिलेला. पाच गट, प्रत्येकाचा एक कप खिडकीत, एक कपाटात. अंधारातलं रोप खुरटं राहणार, असं सरांनी छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. कपाट उघडून बघतात तर काय, आतली रोपं पिवळी, लुकडी, पण खिडकीतल्यांच्या दुप्पट उंच!

आता जित्याची खोड ती. प्राध्यापकांचा प्रयोग वर्गात फसू नये म्हणून हा माणूस जन्मभर एक जादा संच तयार ठेवत आला होता. घेवडाही त्यांनी घरच्या कपाटात चार दिवस मागाहून पेरला होता, म्हणून ती रोपं अजून बुटकीच होती. "अहो, पोरांना बनवताय की काय?" बायकोनं विचारलं. "बनवतोय कुठं? प्रयोग नीट यायला नको?" असं म्हणून आज दुपारी त्यांनी कपाटातले कप बदलले आणि उंच रोपं आपल्या पिशवीत ठेवली.

बाकीच्यांनी कपाटात डोकावूनही पाहिलं नव्हतं. ही बया मात्र सोमवारी मधल्या सुट्टीत मोजून मोकळी झाली होती.

"सोमवारी चौदा सेंटिमीटर होतं. आज चारच आहे," ती म्हणाली.

"रोप आटलं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले.

मोठ्या बाईंनी पुढे येऊन तिची वही पाहिली. "रोप कधी लहान होतं का, बाळा? मोजायला चुकली असशील. खोड ते आणि नीट लिही."

"मी चुकले का, सर?"

नुसती मान हलवायची होती. झाकली मूठ तशीच राहिली असती, पुढचा बुधवार त्यांचाच असता. फूटपट्टीचे डोळे भरून आले. तिनं खोडरबर काढलं आणि चौदावर टेकवलं.

"खोडू नकोस," सर म्हणाले. "तू बरोबर आहेस. कप मी बदलले."

त्यांनी पिशवीतून एक रोप काढलं. ते वाकलं होतं, शेंडा मोडला होता. वर्गात कुणी हसलं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता मी पालकांना काय सांगू?" मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"खरं ते सांगा."

"पुढच्या बुधवारपासून मग मीच घेईन मंडळ."

"बरं," म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

"पण सर, अंधारातलं उंच का झालं?" फूटपट्टीनं विचारलं. तिचं नाक अजून वाहत होतं.

पंचवीस पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी खडू उचलला. "बसा सगळे. सांगते."

दाराकडे निघालेले सर थांबले. मग मागे वळून शेवटच्या बाकापाशी आले. फूटपट्टीनं सरकून जागा केली. बाक इतका बुटका की गुडघे आत मावेनात, म्हणून ते तिरके बसले. तिनं वहीतलं एक पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पानावर तारीख घातली.