तांब्याच्या नळीचं म्हणणं

माझा आवाज तुम्ही ऐकला असेल. रत्नागिरीत राहून तो चुकवणं कठीण आहे. बाबूरावांची लाल मोटार चढ चढू लागली की खालच्या आळीत फळीवरची भांडी थरथरतात, ती माझ्यामुळे. बॉनेटच्या डाव्या अंगातून बाहेर पडून, दाराखालून जाऊन, सीटपाशीच संपणारी जी चकचकीत तांब्याची नळी आहे, ती मी. आवाज पुष्कळ केला. बोलतेय मात्र आज पहिल्यांदाच, तेही गरज पडली म्हणून.

माझी उमेदीची वर्षं खाडीतल्या एका लाँचीवर गेली. तिथे माझ्यातून वाफ जात असे. वाफ सरळ स्वभावाची. भाजते, पण भाजणार हे आधी सांगते. पुढे लाँच मोडीत निघाली आणि मी नासिरच्या दुकानात येऊन पडले. नासिर बोटीवर इंजिनखान्यात काम करून परतलेला माणूस. बंदराच्या वाटेवर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. लाँचीपासून शिवणयंत्रापर्यंत तो काहीही उघडत असे आणि बहुतेक वेळा बंदही करत असे.

सन एकतीसच्या पावसाळ्यानंतर बाबूराव तिथे मोटार घेऊन आले. वडील वारले होते, आणि मागे आंब्याची कलमं व आनंदीबाई अशा दोन भक्कम गोष्टी ठेवून गेले होते. त्यातल्या कलमांच्या जोरावर बाबूरावांनी मुंबईहून विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची शर्यतीच्या घाटाची मोटार आणली होती. आत दोघांपुरती जागा, डोक्यावर कापडी टप, आणि मागे डिकी. डिकीचं झाकण उघडलं की तिथे एक माणूस उघड्यावर बसू शके. मोटार दिसायला देखणी होती, पण चालायची गुपचूप, आणि बाबूरावांचं दुखणं तेच होतं.

"नासिर, मी बाजारातून गेलो तरी कोणी वळून बघत नाही. मागून येऊन मीच हॉर्न मारायचा, बाजूला व्हा म्हणून. याला काय अर्थ आहे?"

"तुमच्या सायलेन्सरात दम नाय, बाबूराव. इंजिन खोकतंय का बोलतंय, ता कळत नाय." नासिरने मला कोपऱ्यातून उचललं आणि पंज्याने पुसलं. "ही लावतंव. हातखंब्याला निघालात की आवाज बंदरावर येल."

"मागपर्यंत न्यायची?"

"मागं नेली तर आवाज मागच्यांना. पुढच्यांनी काय करावा? आनि तांबा पन एवढाच हाय."

तर मी दाराखालीच संपले, कारण हौस तिथवर होती आणि तांबंही तिथवरच. डावी बाजूसुद्धा विचार करूनच निवडली होती. गाडी डावीकडून चालते, म्हणजे रस्त्याकडेचे लोक डावीकडेच. नासिरने एकच काळजी घेतली, की माझ्या धगीने लाकडी फळ्या पेटू नयेत. ती फार चांगली घेतली. फळ्या आजही शाबूत आहेत.

आता एक गोष्ट सांगून ठेवते. इंजिनाच्या धुरात एक भाग असा असतो, की त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो श्वासातून आत गेला की आधी डोकं दुखतं, मग पेंग येते, आणि मग माणूस पेंगेतून उठत नाही. उघड्या गाडीत तो वाऱ्यावर उडून जातो. मी नळी, त्यामुळे माझ्यातून काय जातं ते मला ठाऊक. नासिरला किंवा बाबूरावांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाबूरावांची बायको कमळा मला 'थोरली' म्हणायची. "अहो, थोरलीला चिंच लावून झाली असेल तर जेवायला चला. धाकटी ताट वाढून बसलीय." बाबूराव हसत आणि चिंचेचे हात धुऊन जेवायला जात. ती माझ्यावर रागावली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा टप उतरवून, पदर दातात धरून, वाटभर हसत होती. त्या प्रवासात कोणाचं डोकं दुखलं नाही.

बाळंतपणाला ती सावर्ड्याला माहेरी गेली. मुलगी झाली, चिमा. तिसरा महिना लागला आणि मार्गशीर्ष संपत आला, तशी आनंदीबाईंनी घाई केली. पौष लागायच्या आत सून घरी यायला हवी होती. त्यांनी मोटारीसाठी कांबळ्याचं अस्तर लावून जाड पडदे शिवले, आणि उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं मुलाच्या हाती दिलं.

"फटी बुजव. बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला की जन्मभर निघत नाही. तिच्या बाजूचा पडदा उघडलास तर माझ्याशी गाठ आहे."

बाबूराव आईचं सहसा ऐकत नसत. नेमकं हे ऐकलं.

सावर्ड्याहून निघताना कमळा चिमाला मांडीवर घेऊन डावीकडे बसली, माझ्या तोंडाच्या बरोबर वर. कान बांधलेले, अंगावर शाल. पडदे घट्ट, फटींत चिंध्या; पायाखालच्या फळ्यांच्या फटी तेवढ्या तशाच. बाबूरावांच्या बाजूला तेवढी हात बाहेर काढायला एक झडप उघडी होती. मागे डिकीत, थंडीत, कांबळं लपेटून जनी बसली. ही सावर्ड्याचीच एक विधवा. बाळबाळंतिणींना न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. कमळाची घडी बसेपर्यंत आठवडाभर सोबत म्हणून कमळाच्या आईने तिला पाठवलं होतं.

संगमेश्वर मागे पडलं तेव्हा कमळा म्हणाली, "डोकं ठणकतंय. मळमळतंय पण."

"वळणं आहेत. आता हातखंब्याला थांबूच."

हातखंब्याला थांबलो. तिठ्यावर गाडीवान बैल सोडून बसले होते. लाल मोटार बघून सगळे उठले. बाबूराव उतरले, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं की पुन्हा हँडल मारावं लागतं, आणि चारचौघांत हँडल मारणारा माणूस फारसा रुबाबदार दिसत नाही.

"दादानू, तांब्याची हाय की काय?"

"तांब्याची. लाँचीची आहे."

"जरा वाजवून दाखवा की."

बाबूरावांनी आत हात घालून वाजवून दाखवलं. बैल बुजले, माणसं खूश झाली. आत चिमा रडायला लागली.

जनी डिकीतून उतरून पडद्यापाशी आली. "दादानू, इंजिन बंद करा वो. लेकरू दचकताय."

"पाच मिनिटं गं. चहा येतोय."

"मग पडदा तरी सोडा. बायला जरा वारा घेव दे."

"एवढी माणसं उभी आहेत. आणि आईने काय सांगितलंय, ठाऊक आहे ना?"

आतून कमळा हळूच म्हणाली, "जने, हिला घे थोडी. माझे हात गळल्यासारखे झालेत." जनीने पडद्याची एक कड उचलली, मूल बाहेर ओढलं, आणि कड पुन्हा नीट खोचली. तीही सांगितलेलं ऐकणारी बाई होती. चिमाला तिने कांबळ्यात घेतलं आणि डिकीत चढून बसली. मूल उघड्यावर हळूहळू शांत झालं.

चहा आला. मग दुसरा आला. गाडीवानांना माझ्याविषयी पुष्कळ विचारायचं होतं आणि बाबूरावांना पुष्कळ सांगायचं होतं. तेवढा वेळ गाडी जागच्या जागी उभी होती, आणि मी पडद्याखाली माझं काम करत होते. मला थांबता येत नाही. माझ्या एका तोंडातून जे आत येतं, ते दुसऱ्यातून बाहेर जातं.

घरी पोचलो तेव्हा कमळा मान कलती करून बसली होती. "झोप लागलीय," बाबूराव म्हणाले. त्यांचंही डोकं फुटत होतं. आनंदीबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायरीशी उभ्या होत्या. त्यांनी पडदा सारला. कमळाचे गाल गुलाबी दिसत होते. या धुराने गेलेल्या माणसाचे दिसतात तसे.

"माहेरचं मानवलं हो," आनंदीबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि भाकरतुकडा ओवाळला. डोळ्यांना पाणी लावलं. मग त्यांनी हात धरून तिला उतरवायला घेतलं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं निदान केलं. मेलेल्या कुणाचंही हृदय चालू नसतं, त्यामुळे निदान चूक म्हणता येणार नाही. पण घराला कारण हवं होतं. मोटारीत बसलेल्यांपैकी बाबूरावांना ओकाऱ्या झाल्या, कमळा गेली, आणि जनीला काहीच झालं नाही.

"मी उघड्यावर हुती," जनी हात जोडून सांगत राहिली. "आत कायतरी हुता. मला दुसरा काय ठाव नाय, पन आत कायतरी हुता."

"तू मूल का काढून घेतलंस?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बायनंच दिलान."

"आणि मूल तुझ्या हातात आलं तशी ही गेली."

ज्या गोष्टीने जनी सुटायची, त्याच गोष्टीने ती अडकली. तिला पायरीवरूनच परत पाठवलं. सावर्ड्याला ती पायी पोचण्याआधी बातमी पोचली होती. तेव्हापासून तिला कोणी न्हाऊ घालायला बोलावत नाही. रस्त्यात दिसली तर बाया मुलांना पदराखाली घेतात. चिमा आता चालायला, बोलायला लागली आहे. ती जेवायला कुरकुरली की, जनी येईल हं, असं सांगतात. मग ती मुकाट्याने जेवते.

मोटारीवरून नारळ फोडला. पुढे काळी बाहुली बांधली. मला मात्र कोणी हात लावला नाही. उलट, सुतक फिटल्यावर नासिरने येऊन माझे सांधे आवळून दिले, आणि बाबूरावांनी पुन्हा चिंच लावायला घेतली.

बाबूरावांनी दुसरं लग्न केलं. मथुरा, माहेर खेडचं. थोरलीबिरली म्हणत नाही, फारसं बोलतच नाही. ती आता बाळंत होऊन माहेरी आहे. मुलगा झाला. उद्या सकाळी आम्ही तिला आणायला निघतो. आज दुपारभर आनंदीबाई ओटीवर बसून नवे पडदे शिवत होत्या. या खेपेला दुहेरी. बाहेरची बाई सोबत नको असं त्यांनी बजावलं आहे, त्यामुळे डिकीत कोणी असणार नाही.

म्हणून बोलले. माझ्या तोंडात चिंध्या कोंबा, मला कापून काढा, असं मी म्हणत नाही. तेवढं कोणी करणार नाही. पण परवा खेडहून परतताना आम्ही कुठेतरी थांबू. बाबूरावांना थांबायला आवडतं. लाल मोटार पडदे लावून उभी दिसली, आणि मी वाजत असले, तर माझं कौतुक करत उभे राहू नका. तांब्याची आहे का, असं विचारू नका. डाव्या बाजूला या आणि पडदा ओढून काढा. बाबूराव तुमची गचांडी धरतील. आत बसलेली बाई लाजून तोंड फिरवील. फिरवू दे. मूल वाऱ्याने रडेल. रडू दे त्याला, चांगलं मोठ्याने रडू दे.