दामिनीच्या कुशीतला पडदा

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, पण चंद्र-तारे मी कधीच पाहिले नाहीत. अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टर मोनाली मला बाईच्या गर्भाशयात सोडतात आणि मी पाहते ते टीव्हीवर दिसतं. तुम्ही सगळे नऊ महिने राहून आलात ती जागा आधी तुमच्या मुठीहूनही लहान असते. इतक्या वर्षांनीही ती पाहून मी थक्क होते.

वरूडच्या दामिनीला तीनदा दिवस गेले आणि तीनदा चौथ्या महिन्याच्या आतच गर्भ पडला. तिच्या सासूबाई कौशल्याबाई तिला कुणाच्या ओटीभरणालाही जाऊ देत नसत.

मी आत गेले, तर काय! मधोमध पांढुरका पडदा, जागेचे दोन कप्पे. बाळानं वाढावं तरी कुठं? मोनालीताईंनी बारीक कात्रीनं तो कापला आणि जागा माझ्यासमोर मोकळी झाली.

त्याची फिल्म त्यांनी सासू-सासऱ्यांना दाखवली. "हा पडदा जन्मापासूनच होता," त्या म्हणाल्या.

सासरे खुशालराव संत्र्याचे बागाईतदार. "मॅडम, झाडावर सल, म्हंजे वाळली काडी, राह्यली का संत्री गळतेत. तुमी सलच काढली म्हना ना!"

कौशल्याबाई मात्र टीव्हीकडे बघतच राहिल्या. "म्हंजे पोरीचा काईच कसूर नोता? अन् मी तिले काय काय बोलली वं माय! आता तं लेकरू राहीन ना, मॅडम?"

"आशा वाढली, काकू. हमी नाही देत."

काम संपलं की मला धुऊन पेटीत ठेवतात. पुढचं कळतं ते शकुन सिस्टरांच्या बोलण्यातून. कितीतरी जणींचं काहीच कळत नाही, काहींचं वाईटच कळतं. दामिनीला पुन्हा दिवस गेल्याचं ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला. चौथा महिना पार पडला. सातवाही. आणि एका सकाळी दाराबाहेर बाळाचं रडणं! दामिनीची मुलगी, दोन महिन्यांची. आनंदानं मी वेडी व्हायची बाकी होते.

बाहेर बाकावर पायल ऑपरेशनसाठी थांबली होती. तिचेही दोन गर्भ पडलेले. सिस्टरांनी आत येऊन सांगितलं, कौशल्याबाईंनी नात उचलून थेट पायलच्या मांडीवर दिली. पायलची सासू दचकली, तशा त्या म्हणाल्या, "घेऊ दे वं तिले. मी चुकली, तू नको चुकू."

मित्रांनो, माझी काच जपा, मला कोरडी ठेवा. आणि घरच्या लेकी-सुनेला बोल लावण्याआधी तिला आमच्याकडे घेऊन या. पायलचं नाव पुकारलं, मी निघते.