दोन तासांचा रस्ता

पाण्याचा कागदी पेला काठोकाठ भरलेला होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "घ्या ना आजी, ओठ किती सुकलेत" — तिने पेला तोंडाला लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. बाहेर पडायच्या दिवशी ती सकाळपासून घोटभरही पाणी घेत नसे, गेली दीड वर्षं.

सुनेने गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली होती. डॉक्टरीणबाई एकेक पाकीट उलटून पाहत होत्या, मध्येच तिला खुर्चीवरून उठवून दारापर्यंत चालायला लावत होत्या... "चक्कर येते, परवा पडल्या," सून सांगत होती, "आणि हल्ली कुठे जातच नाहीत. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा गेल्या नाहीत शेवटपर्यंत." सून वाईट मनाने बोलली नव्हती. पण शेवटपर्यंत...

ताईचं घर बसने दोन तासांवर, आणि बस मध्ये कुठे थांबत नाही. फोनवर ताईचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेलेला — "धाकटे, रागावलीस का गं? काही चुकलं का माझं?" — आणि मी काय म्हणाले, तर गुडघे. गुडघे दुखतात गं ताई. एकदा बसची सीट ओली झाली आणि सगळे उतरून जाईपर्यंत मी उठलेच नाही, एवढं मला तिला सांगता आलं नाही. तिला, जी लहानपणी माझं ओलं अंथरूण पाहून आईला बेधडक सांगायची, "तांब्या माझ्याच हातून कलंडला..."

सुनेला रिपोर्ट आणायला बाहेर पाठवून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आजी, लघवी रोखता येत नाही, असं होतं का?"

जेवलात का, असं विचारावं तसं विचारलं. तिने नेहमीचं 'नाही' ओठांवर आणलं, आणि म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"ही प्रेशरची गोळीही जुन्या चिठ्ठीवर तेव्हाचीच दिसतेय. लघवी वाढवते ही. बदलून बघू, थोडे व्यायाम शिकवते. महिन्या-दोन महिन्यांत बराच फरक पडतो. आणि पाणी तोडू नका, चक्कर त्यानेच येत असावी. पुष्कळ जणींना होतं हो हे, सांगत कुणी नाही."

महिना-दोन महिने. ताई पाच महिने अंथरुणाला खिळून होती — पाच — म्हणजे एक गोळी बदलली असती, आणि मी तिच्या उशाशी...

तिचे डोळे भरून आलेले पाहून डॉक्टरीणबाईंनी हात थोपटला. "झालं हं आता. बिनधास्त फिरा कुठेही."

कुठेही... इतके दिवस पोटाशी धरलेली लाज एका वाक्यात सुटली होती आणि तिला हलकं वाटत नव्हतं. लाज होती तोवर न जाण्याला निदान काही कारण होतं.

दार ढकलून सून आत आली, सासूचा चेहरा पाहून कागद हातात धरूनच खाली वाकली. "काय झालं, आई?"

काही नाही, असं म्हणायला सरावलेली जीभ जागची हलली नाही. तिने खाली ठेवलेला पेला उचलला आणि एक घोट घेतला.