मामूंचा शेअर आन् लॅमिनेशन

अगं थांबा, चहा नंतर सांगा, आधी माझं ऐका! काल आमच्या घरात काय झालं माहितीये?

आमचे चांदमामू हायत ना, रेल्वेतनं रिटायर झालेले, त्यांना जुने शेअर जमवायचा नाद. पैसे लावायला न्हाई गं! त्या कंपन्या कवाच बुडाल्या. नुसता कागद. पण काय कागद! कडेनं वेलबुट्टी, मधी गिरणीची चिमणी, खाली डायरेक्टरची शाईची सही. मामी म्हणायची, "दौंडात दोन रद्दीवाले. एक बाजारात, एक माझ्या घरात."

तर त्यातला गिरणीचा शेअर पुण्याच्या लिलाववाल्यांनी विकायला घेतला. पहिल्यांदाच! त्यांच्या पुस्तकात त्याचा फोटो बी आला. मामूंनी ते पुस्तक आख्ख्या रेल्वे कॉलनीत फिरवलं. जो जो हसला होता, त्याच्या दारात आधी.

काल लिलाव. सकाळी कागद घेऊन पुण्याला निघायचं, मी बी सोबत. मामूंनी फाइल उघडली. कागद न्हाई!

"शहाबानो, माझा शेअर कुठंय?"

मामी चपात्या लाटत होती. अशी खुशीत हसली! "म्हस्कूच्या दुकानात. लॅमिनेशनला. एवढ्या मोठ्या लोकांत जायचा, असा उघडा कसा न्यायचा?"

मामूंनी रिकामी फाइल खाली ठेवली. "गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की सुटत न्हाई गं. संपला तो. आता कुणी हात लावणार न्हाई त्याला."

 मामीची तरी काय चूक? आमच्यात जे जपायचं त्याचं लॅमिनेशन. माझी मार्कलिस्ट, रेशन कार्ड, ह्या दोघांचा निकाहनामासुद्धा!

मी स्कूटी काढली आन् सुटले. फाटक बंद, मालगाडी उभी. मी हॉर्न वाजवतीय, जशी काय मालगाडी बाजूला होणार हाय! कशीबशी दुकानात पोचले, तर म्हस्कूदादा मलाच हात जोडतोय.

"मामीला सांग, रागवू नको म्हणावं. सकाळधरनं लाईट न्हाई. एक बी काम झालं न्हाई."

लोडशेडिंग! आपण रोज शिव्या घालतो ना, ते! मला तर रडूच फुटलं. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनच्या तोंडाशी ठेवलेला. मी उचलला, आन् वरचा पंखा फिरला.

"आली, आली!" म्हस्कूदादा वरडला. "आण पोरी, पयला तुझाच नंबर!"

मी कागद छातीशी धरून पळाले. तो मागनं बोंबलतोय, "अगं, पैसे नको देऊस, पण करून तरी ने!"

मामूंनी कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग जोरात हसले. मामी दाराआड डोळे पुसत होती. तिला म्हणाले, "आजवर रद्दी म्हणत होतीस. आज जपायला गेलीस व्हय? चल, तू बी चल पुण्याला."

आन् मामी आली! हॉलमधी दोघं जण त्या शेअरवर असे इरेला पेटले, मामी माझा हात नुसता दाबतीय. हातोडा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घेणारे आजोबा मामूंना म्हणाले, "फार छान ठेवलाय हो."

तर मामी लगेच पुढं. "आबा, आमच्या दौंडात म्हस्कूचं दुकान हाय. लॅमिनेशन एकदम झ्याक करतो."