दुसरा रकाना

नानासाहेब शेळक्यांच्या घरात खुर्ची कधी रिकामी राहिली नव्हती. मुकुंदवाडी गाव होतं तेव्हा ते स्वतः सरपंच होते. धाकटा भाऊ सोसायटीचा चेअरमन, भावजय पंचायत समितीवर, आणि मेहुण्याचं आडनाव वेगळं पडल्यामुळे त्याला नुसता दूध संघ मिळाला होता. पुढे शेतं कारखान्यांत गेली, गाव शहरात गेलं आणि महानगरपालिकेची पहिली निवडणूक लागणार असं ठरलं. नानासाहेबांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. बद्रीनाथ तेव्हा आरशात पाहत होता. केस हीच त्याची आजवरची कमाई होती, आणि क्रांती चौकातल्या स्टुडिओत काढलेल्या फोटोत ती पुरती उतरली होती.

त्याच आठवड्यात स्टेशनाजवळच्या भिंतीवर कुणीतरी चुन्यानं लिहिलं : 'एका घरात किती खुर्च्या?'

नानासाहेबांना हे लागलं. त्यांनी सोनाजीला बोलावणं धाडलं.

सोनाजीचं आडनावही शेळकेच, पण तो पिशोरचा. बाप मेंढरं राखायचा. सोनाजी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला आणि चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत लागला, तोही ठेकेदारामार्फत. तीन महिन्यांचा कागद संपला की पुन्हा तीन महिन्यांचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, कायम होणं. ते कारखान्याच्या लेबर ऑफिसरच्या हातात होतं, आणि लेबर ऑफिसर नानासाहेबांच्या ओट्यावर चहाला येत असे.

"तू सायन्सवाला ना?" नानासाहेब म्हणाले. "ह्या लोकांला दाखवायचंय, की अमेरिकेतसुद्धा असंच चालतं. एका घरातले किती जण निवडून येतात ते हुडकून आण. मी लेबरसाहेबाच्या कानावर घातलंय, पोरगा आपल्या भावकीतला हाय म्हणून."

'भावकीतला' या शब्दावर सोनाजी थोडा अडखळला, पण त्यानं काम घेतलं. तो शब्द त्याच्या बाजूनं काम करत होता.

पुढचे दोन रविवार त्यानं ग्रंथालयात जाड कोशांत घालवले. त्याला हे काम आवडलं. ॲडम्स : बाप राष्ट्राध्यक्ष, मुलगाही राष्ट्राध्यक्ष. हॅरिसन : आजोबा आणि नातू. रूझवेल्ट : दोघे लांबचे चुलतभाऊ. टाफ्ट : बाप राष्ट्राध्यक्ष, मुलगा सिनेटर, नातूही सिनेटर. मग आले जॉन्सन. दोघे राष्ट्राध्यक्ष, दोघेही उपाध्यक्षपदावरून वर गेलेले, दोघांच्याही आधीच्या अध्यक्षाचा खून झालेला, आणि दोघांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. सोनाजीनं पेन थांबवलं. आडनाव एक असणं आणि रक्त एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि वेगळ्या गोष्टी एका बाटलीत ओतायच्या नसतात हे तो रोजच्या कामात शिकला होता. त्यानं तक्त्याचे दोन रकाने केले. पहिला, 'आडनाव एक, नातं आहे'. दुसरा, 'आडनाव एक, नातं नाही'. दुसरा भरता भरता लांब झाला.

नानासाहेबांनी तक्ता डोळ्यांपासून लांब धरला.

"हे दुसरं कशापायी?"

"त्यांचं नातं नव्हतं, साहेब."

"आडनाव एक म्हणल्यावर नातं असतंच. त्यांला ठाऊक नसंल. फाड ते."

सोनाजीनं दुसरा रकाना घडी घालून कापला. फेकवेना, म्हणून खिशात ठेवला.

मारुतीच्या पारासमोर सभा झाली. आसपासच्या भिंतींवर रंगारी आधीच 'शेळके' रंगवत होते. नानासाहेबांनी ॲडम्सपासून टाफ्टपर्यंत सगळ्यांना एकेक करून व्यासपीठावर आणलं. "एवढा पुढारलेला देश," ते म्हणाले, "पण खानदान सोडत नाय." मग त्यांना सुचलं की मुकुंदवाडीत आडनावानं शेळके असलेली घरं फक्त त्यांच्या गल्लीत नाहीत. स्टेशनापलीकडे धनगरांचे शेळके होते, नाल्याकडच्या वस्तीत बौद्ध शेळके होते. त्यांनी माईक जवळ ओढला. "मी तर म्हणतो, जितके शेळके तितक्यांची एक भावकी. एक रक्त. उमेदवाराचं नाव इचारायचं नाय, आडनाव बघायचं. शेळक्यालाच मत."

टाळ्या पडल्या. गर्दीतून नाल्याकडचा कडुबा शेळके उभा राहिला. तो कारखान्यात फिटर होता. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव वस्त्या पेटल्या, तेव्हा त्याचं गावाकडचं घर जळलं होतं. नाव अजून लागलं नव्हतं. कडुबा त्यासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आला होता.

"नानासाहेब, आपण भाऊ झालो, बरं झालं. मग विद्यापीठाच्या नावाला भावाचा पाठिंबा धरू का?"

"नावानं काय फरक पडतो, कडुबा? पाटी बदलल्यानं शिक्षण बदलतं व्हय?"

"मग भिंतीवर तुमचं आडनाव येवढं मोठं कशापायी रंगवायलेत?"

लोक हसले. नानासाहेबही हसले, पण रंगाऱ्यांना थांबवलं नाही. स्टेशनापासून कारखान्यांच्या फाटकापर्यंत एकेक अक्षर पुरुषभर उंचीचं निघालं : 'शेळक्यालाच मत'. बद्रीनाथचं नाव बसवायला भिंती पुरल्या नाहीत. नानासाहेब म्हणाले, आडनाव पुरे.

सभेनंतर दोन दिवसांनी स्टेशनापलीकडे मुंजाबा शेळके वारला. म्हातारा होता, उन्हाळा होता. तो सोनाजीच्या बापाचा सख्खा चुलता. धनगर शेळक्यांची सगळी घरं सुतकात गेली. देवाला हात नाही, नारळ नाही, आणि दहाव्याला भावकीतल्या सगळ्या पुरुषांनी डोकी करायची.

मुंजाबाच्या सुनेनं, म्हाळसाबाईनं, नानासाहेबांकडे निरोप पाठवला : भावकीत मयत झाली, सुतक धरावं. नानासाहेबांनी तीन पोती गहू आणि एक जीप पाठवली. पाचव्या दिवशी बद्रीनाथनं मारुतीपुढे नारळ फोडून प्रचार सुरू केला. म्हाळसाबाई सोनाजीला म्हणाली, "जीपला सुतक असतं का रं? मग तिला तरी धरू दे."

दहाव्याला न्हावी बसला. ओळीत सोनाजीही बसला. नानासाहेबांकडचं कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला ओट्यावर बोलावणं आलं. लेबर ऑफिसर तिथं बसला होता, मांडीवर सोनाजीचा अर्ज, हातात उघडं पेन. नानासाहेब पान लावत होते, बद्रीनाथ केसांवरून कंगवा फिरवत होता. पायरीवर धनगरवाड्यातली चार माणसं कामासाठी येऊन बसली होती. त्यांची डोकी उन्हात चकाकत होती. कडुबाही होता. नळाची तक्रार घेऊन आला होता.

"हाच तो पोरगा," नानासाहेब म्हणाले. "आमच्या भावकीतला."

ऑफिसरनं सोनाजीच्या डोक्याकडे पाहिलं. "घरात काही झालं का?"

"चुलत आजोबा वारले, साहेब. काल दहावा झाला."

"अरेरे." ऑफिसरनं अतिशय सभ्यपणे मान वळवली. "मग बद्रीनाथराव, तुम्ही डोकं केलं नाहीत?"

बद्रीनाथचा कंगवा केसांतच राहिला. पायरीवरची चारही डोकी वर झाली. नानासाहेबांनी एकदा मुलाच्या केसांकडे पाहिलं, एकदा पायरीकडे, आणि प्रश्न पुढे ढकलला.

"सोनाजी शिकलेला हाय. तोच सांगंल. का रं, आपली भावकी एकच हाय का?"

सोनाजीला सगळं एकदम दिसलं. 'व्हय' म्हटलं की पेन अर्जावर टेकणार होतं. न्हावी अजून वस्तीत होता, बद्रीनाथच्या केसांचं काय ते बद्रीनाथ बघून घेणार होता. आईला पिशोरहून इकडे आणता आलं असतं, खोली बदलता आली असती. एक शब्द होता. पण प्रयोगशाळेत त्याला सुपरवायझरनं कितीदा सांगितलं होतं, आकडा थोडा वर लिही, आणि त्याचा हात त्या जागी कधी वळलाच नव्हता. आताही वळला नाही.

"आमचं कुलदैवत वेगळं, देवक वेगळं," तो म्हणाला. "आडनाव एक आहे. नातं नाही."

नानासाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मग पायरीकडे पाहून तो परत घ्यायचा प्रयत्न केला. पायरीवरची माणसं उठली होती. ऑफिसरनं पेनाला टोपण घातलं.

बाहेर कडुबानं त्याला गाठलं. दोघं एकमेकांना आडनावानंच हाक मारायचे. "काय शेळके, घालवलीस ना कायमची नोकरी?"

"गेली, शेळके." सोनाजीनं खिशातला कापलेला रकाना काढून दाखवला. "हे जॉन्सन, हे आपण."

कडुबानं तो बराच वेळ वाचला. उमेदवारीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यानंही अर्ज भरला. शेळके, कडुबा.

शहरातल्या एवढ्या भिंती एका दिवसात त्याच्या प्रचाराला लागल्या. रंगारी परत आले, पण अक्षरं इतकी मोठी होती की 'बद्रीनाथ' लिहायला जागा उरली नव्हती. नानासाहेबांची जीप सोनाजीच्या दारात उभी राहिली.

"एक पत्रक लिहून दे. कडुबाचा आमच्याशी संबंध नाय म्हणून. पुराव्यानिशी. मग बघ, लेबरसाहेबाला मी स्वतः सांगतो."

सोनाजीनं विचार केला. मागणी खरी होती, म्हणून त्याला ती नाकारता येईना. त्यानं एकच ओळ लिहिली : 'श्री. बद्रीनाथ शेळके आणि श्री. कडुबा शेळके यांचं एकमेकांशी कोणतंही नातं नाही.' नानासाहेबांना ती पसंत पडली. पाच हजार छापली.

धनगरवाड्यात म्हाळसाबाईनं ते नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, मग कडुबाच बरा. दोन दिवसांत नाल्याकडची पोरं छापखान्यातून त्याच पत्रकाचा गठ्ठा घेऊन आली. शेवटच्या आठवड्यात दोन्ही बाजू एकच पत्रक वाटत होत्या.

कडुबा निवडून आला. नानासाहेबांनी अमेरिकेचं नाव पुन्हा काढलं नाही.

जुलैत सोनाजीचा कागद संपला. लेबर ऑफिसरनं त्याला खुर्ची दिली. हे पहिल्यांदाच घडत होतं. कायम करण्याचा अर्ज टेबलावर काढून ठेवलेला होता.

"हे नवे नगरसेवक शेळके," ऑफिसर पेन उघडत म्हणाला, "तुमचे कोण?"

सोनाजीनं पेनाकडे पाहिलं.

"कोणी नाही, साहेब," तो म्हणाला.

ऑफिसरनं अर्ज परत फाइलमध्ये ठेवला आणि तीन महिन्यांच्या कागदावर सही केली.