लव्हायनाला निरोप

आत.

मंडळीच्या हिशेबाने ऑक्टोबरच्या बावीस तारखेला ख्रिस्त परत यायचा होता. आला नाही. जगच संपणार म्हणून असाहेलने सफरचंदं झाडावरच कुजू दिली होती. गावाची हसून हसून पुरेवाट झाली.

मग बर्फ पडल्यावर मंडळीचे पुढारी थॅडियस यांनी उलगडा केला: तारीख चुकली नव्हती. त्या दिवशी वर, स्वर्गात, कृपेचं दार लागलं. ख्रिस्त येतोय हा निरोप ऐकून जे हसले ते कायमचे बाहेर. ज्यांच्या कानावर तो गेलाच नाही, त्यांना अजून वाट आहे.

असाहेलच्या बायकोला, मेहिटेबलला, पहिल्यांदाच शांत झोप लागली. लव्हायना बाहेर, आणि अजून वाट आहे हे तिला सांगणार तरी कोण?

बाहेर.

लव्हायना म्हणजे मेहिटेबलची धाकटी बहीण. आईची लाडकी. असाहेलने आधी मागणी घातली तीही तिलाच. ती नाही म्हणाली, म्हणून मेहिटेबल. अजूनही ती आली की असाहेल कॉलर नीट करतो.

त्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी, मंडळीने मेहिटेबलला निरोप द्यायला उत्तरेच्या जंगलात पाठवलं. तिथे लाकूडतोड्यांच्या छावणीत लव्हायना स्वयंपाक करायची, आणि बातमी म्हणून काही तिथे पोचत नसे. मेहिटेबल गेली. भोपळ्याचा केक खाल्ला, बहिणीने विणलेले लोकरीचे मोजे घेतले, फक्त हवापाण्याचं बोलली.

परत आली.

स्वर्गात तरी ही नको.

आत.

आज लव्हायना बाकावर बसली आहे, बूट भिजलेले. मंडळीत पाय धुण्याचा विधी. बायका बायकांचे धुतात. मेहिटेबलच्या पुढ्यात कोमट पाण्याचं घंगाळ.

"मलाही घ्या ना," लव्हायना म्हणाली. "कालच एका गाडीवानाकडून सगळं ऐकलं. तडक निघाले."

"कालच?" थॅडियस वळले. "मेहिटेबलबाई, तुम्ही तर सांगून आला होतात ना?"

असाहेलने कॉलरला हात लावला.

"सांगितलं होतं," मेहिटेबल म्हणाली. "हसली ती."

"ताई?"

"हसलीस की गं. आठव."

थॅडियस सावकाश बोलले. "नीट विचार करून सांगा, बाई. निरोप दडवणाऱ्याला हसणाऱ्याहून मोठी शिक्षा. त्याला या घरात जागा नाही."

मेहिटेबलच्या हातातला पंचा पाण्यात पडला. तिने तो काढला नाही. सगळ्यांना दिसलं असावं. लव्हायनाला तरी नक्की.

"हो हो," लव्हायना म्हणाली. "आठवलं. सांगितलं होतं तिने. बिचारी किती तळमळून सांगत होती. आणि मी वेडी हसत सुटले. गाडीवानाचं आपलं उगाच घेतलं नाव."

"मग आमचा नाइलाज आहे, पोरी."

"तुमचा कसला दोष? ताई, मोजे ऊब देतात ना?"

मेहिटेबलच्या पायांत तेच होते.

बाहेर.

लव्हायना उठली. असाहेलने धावत जाऊन तिची शाल आणून दिली, बूट समोर ठेवले, आणि ती बर्फातून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

आत.

"बस, मेहिटेबल," शेजारीण गुडघ्यांवर बसत म्हणाली. "आता तुझे पाय."

ती बसली. शेजारणीने मोजे उतरवले, पाय पाण्यात घेतले. पाणी छान कोमट होतं. मेहिटेबलची नजर खिडकीशी उभ्या असाहेलच्या पाठीवर.

इथेही, मेली, तीच चांगली ठरली.